एकही नाव न गाळता

आमचे मोठेबाबा रोडगे निखाऱ्यांच्या आरात पुरले की मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेलेला, मिनिटाचाही उशीर न खपणारा माणूस. पण त्या दिवशी त्यांना वेळ विचारायची सोय नव्हती.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दिवाळीच्या फराळापेक्षा आम्हा भावंडांना जास्त ओढ असायची ती मार्गशीर्षातल्या त्यांच्या रोडग्यांची. मी अमरावतीहून, बाकीचे अकोल्याहून, सगळे हिवरखेडच्या शेतात जमायचो. कणकेचे ते जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, आणि वर वांग्याची झणझणीत भाजी. नुसतं लिहितानाही तोंडाला पाणी सुटलं.

पण भाजेपर्यंत मोठेबाबांची नावं ऐकावी लागत. ज्यांच्यामुळे आमच्या घराला बरे दिवस आले, त्या प्रत्येकाचं नाव आणि त्याची हकिकत. विहिरीला लागलेला काळा दगड फोडणारा गफूरभाई. आजी बाळंतपणात अडली तेव्हा भर पुरात नाला ओलांडून आलेली सखुबाई. मोठेबाबा धरून तिन्ही भावांना कंदिलाशी बसवून गणित शिकवणारे वानखडे मास्तर. दरवर्षी तेच, त्याच शब्दांत, आणि शेवटी त्या वर्षीचं एक नवं नाव.

आम्ही भुकेने कासावीस. "मोठेबाबा, मधले चार जण सोडा न!" मी एकदा म्हटलं.

"काहून? सखुबाईनं नाला अर्ध्यातून सोडला होता काय?" ते डोळे वटारून म्हणाले. "एक बी नाव गाळलं त रोडगा कच्चा रायते पोरी, सांगून ठेवतो."

आम्ही हा म्हाताऱ्याचा भाविकपणा समजायचो आणि मागे तोंड लपवून हसायचो. मला आता त्या हसण्याची लाज वाटते.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ते अकोल्यातच अडकले. त्यांच्या मुलाने, संजूदादाने, मोबाईलवर अर्ध्या तासाचा गजर लावला. गजर झाला, रोडगे काढले, फोडले, तर आत नुसती कणीक! पोरांनी भाजीत बिस्किटं बुडवून खाल्ली. त्यातलाच एक रोडगा मी मोठेबाबांकडे नेला. पलंगावर बसून त्यांनी तुकडा चघळला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "कोणाले गाळलं?" आम्ही खो खो हसलो.

श्रावणात मोठेबाबा गेले. यंदा संजूदादा म्हणाला, "आता पुरीभाजीच सांगून देऊ. थो माणूसच नाही, त कायचे रोडगे?" हे थांबलं की आम्ही फक्त लग्नात आणि मयतीत भेटणार, हे मला दिसत होतं. मी हट्टच धरला. "या खेपेले बिघडले त पुन्हा नाव काढणार नाही," असं कबूल केलं तेव्हा कुठे तो तयार झाला.

रोडगे आरात गेले. गजर कितीचा लावायचा यावर वाद सुरू झाला. मोठीआई, म्हणजे मोठेबाबांच्या पत्नी, बाजेवर बसल्या होत्या. मला राहवेना. मी गफूरभाईपासून सुरुवात केली. कुठे अडखळले की कुणीतरी पुढचा शब्द पुरवी. इतकी वर्षं कंटाळत ऐकलेलं सगळ्यांना तोंडपाठ होतं. कुणालाही गाळलं नाही.

शेवटचं नाव राहिलं. मी उगाच काडीने आर उकरू लागले.

"घे न वो त्याईचं नाव," मोठीआई म्हणाल्या. "कोणाची वाट पाहून राहिली?"

मी मोठेबाबांचं नाव घेतलं. आम्हा सगळ्यांना दरवर्षी एका आराभोवती बसवलं, एवढीच त्यांची हकिकत सांगितली, तरी तिला बराच वेळ लागला.

संजूदादाने राख सारून एक रोडगा काढला आणि भीतभीतच फोडला. वाफ निघाली. आतपर्यंत खरपूस भाजला होता! मी हुश्श करून तिथेच मातीत बसकण मारली. संजूदादाने मोबाईल पाहिला. बरोबर पाऊण तास झाला होता.

"बाबानं घड्याळ खिशात टाकलं तरी वेळ चुकवली नाही," तो म्हणाला, आणि पहिला तुकडा तुपात बुडवून त्याने मोठीआईच्या हातावर ठेवला. पुढच्या वर्षीच्या गोवऱ्या त्याने त्याच दिवशी सांगून ठेवल्या.