टाकीचं झाकण

आमच्या शिरूरच्या बॅटरीच्या शेडमध्ये चहा आला की एक किस्सा निघतो आणि त्याच्या शेपटाला धरून दुसरा. नव्या माणसाला काम शिकायच्या आधी हेच पाठ होतात.

शेड आप्पांची, बॅटरीचं डिझाइन गौतममामांचं. एरवी प्रत्येक सेलचं बूच उघडून पाणी घालावं लागतं. मामांनी बारा सेलना मिळून वर एकच टाकी बसवली. "एकदा वता, समद्यांना पोचंल!"

पहिली बॅटरी संध्याकाळी फुल चार्ज करून ठेवली. सकाळी बल्बसुद्धा पेटेना! आप्पांनी वॉचमनला धरलं, "टेप वाजवला का रं हिच्यावर?"

मामा म्हणाले, "आप्पा, चोर आतच हाय. नळ्या जाड झाल्या. अ‍ॅसिडमधनं करंट ह्या सेलातनं त्या सेलात पळतोय."

आप्पा म्हणाले, "चूल एक आन् जावा बारा! घरात काय टिकणार?"

*

मग नळ्या लांब आणि बारीक केल्या. करंट टिकला, पण अ‍ॅसिड उतरायला वेळ लागू लागला. राहू गावचे एक पाहुणे बघायला आले. त्यांचा तिसरा चहा झाला तरी सेल भरतच होते.

"आप्पा," ते उठत म्हणाले, "बॅटरी हाय का पाझर तलाव?"

*

पुढं तीही बॅटरी सारखी उतरायला लागली. टाकीला तोंड एकच, त्यामुळं येणारा-जाणारा जो तो थोडं पाणी घालायचा. वॉचमन घालायचा, पोस्टमनही घालायचा! पाणी सेलांच्या भिंतींवरून वाहून सगळे सेल एक व्हायचे. मामांनी झाकणावर रंगवलं, 'पाणी घालू नये'.

आप्पांनी ते मोठ्यानं वाचलं. "बरोबर हाय. म्हणून मी थोडंच घातलं!"

*

दौंडला मामांच्या वस्तीत जयंतीची मिरवणूक. जनरेटरच्या आवाजात गाणी ऐकू येत नाहीत म्हणून मामांनी विहारात सगळ्यांसमोर शब्द दिला, "औंदा रथाची लाईट माझ्या बॅटरीवर."

पोरं म्हणाली, "मामा, लाईट गेली तर फुडच्या वर्षी कंदील घिऊन तुमीच फुडं!"

मामा पांढरा शर्ट घालून रथावर थेट टाकीच्या झाकणावरच बसले. वाटेत जागोजागी लोक पाणी वाटत होते. प्रत्येक ठिकाणी एक तांब्या वर यायचाच. "मामा, थोडं घालू का?"

"न्हाई!"

चौकात कुणीतरी प्रमुख पाहुणे समजून त्यांना हार घातला. तेवढ्यात हलगी कडाडली. मामा हलले नाहीत. पाय मात्र बसल्या जागी ठेका धरू लागले. खाली चालणाऱ्या मामींनी ते पाहिलं. पदर खोचून त्या रथावर चढल्या.

"उठा."

"आगं, पन पाणी..."

"मी बसते हितं. जावा, नाचा!"

दुसऱ्या दिवशी मामा लंगडत शेडवर आले. आप्पांनी काळजीनं विचारलं, "बॅटरी टिकली का?"

मामा गुडघा धरून खाली बसले. "बॅटरीला काय धाड भरलीय!"