दहाची लाँच

दाजी, हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, हे मला कळतं. तुम्ही हयात होतात तेव्हा तरी माझं सांगणं तुमच्यापर्यंत कुठे पोचत होतं? वाचणाऱ्यांना आधी तुमची ओळख करून देते: नेरूरचे गंगाराम, माझ्या थोरल्या बहिणीचे, सुभद्राक्काचे यजमान. उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत काढून गावी परतले, ते अंगात कोट आणि डोक्यात लाँच घेऊन.

लाँचची कल्पना वाईट नव्हती, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. सत्तावन-अठ्ठावन सालची गोष्ट. नेरूरच्या माणसाला मुंबईची आगबोट गाठायची, तर डोक्यावर वळकटी घेऊन मालवणपर्यंत तंगडतोड. आंब्याच्या पेट्या बैलगाडीत हिंदकळून निम्म्या वाटेतच नासायच्या. आणि दारात कर्लीची खाडी नुसती लोळत पडलेली. तिच्यातून माणसं आणि माल तारकर्लीला उतरवायचा, पुढे मालवण जवळच. एवढ्यासाठी तुम्ही काजूची बाग विकून इंजिन आणलंत. आक्काला विचारलं नाहीत. बायकांना विचारायची पद्धत तुमच्या घराण्यात नव्हती. बाग गेली आणि लाँच चालवायचा परवाना मिळणं ही हौस उरली नाही, चुलीचा प्रश्न झाला.

जलवाहतुकीची आखणी करणारे साहेब मालवणला आले, ते घाटावरचे. समुद्र त्यांनी नकाशात पाहिला होता. मी नुकती कोल्हापूरहून बी.ए. होऊन आले होते, म्हणून बोलायला तुम्ही मला बरोबर नेलंत, आणि तिथे गेल्यावर बोलू दिलं नाहीत. साहेबांसमोर तुमच्या तोंडी एकदम पुणेरी मराठी. त्यांनी विचारलं, लाँच सुटणार केव्हा?

"भरती झाली की, साहेब."

"किती माणसांची?"

"माणसांची नाही. ती आपोआप होते. दिवसातून दोनदा."

"दोनदा? अहो, एवढी माणसं आणता कुठून?"

चहा देणारा शिपाई बाबली कपबश्यांसकट बाहेर पळाला. शेवटी मीच सांगितलं, की ही पोलिसातली भरती नव्हे, समुद्राची आहे. खाडीला पाणी चढलं की लाँच तरंगते, सुकती लागली की चिखलात बसते, आणि ही वेळ रोज पुढे सरकते. साहेबांचे कान लाल झाले. अज्ञान उघडं पडलं की अधिकारी कडक होतो. सरकारी वेळापत्रकात घड्याळाचीच वेळ लागते, म्हणाले. सकाळचे दहा लिहू का?

"लिहा, साहेब."

मी तुम्हाला कोपरानं ढोसलं. "दाजी, रोज धा वाजता खाडयेत पाणी आसतला काय?"

तुम्ही ओठ न हलवता पुटपुटलात, "गप रव गो. परवानो गावांदे आधी. खाडयेक मागसून समजावया."

परवाना मिळाला. उद्घाटनाचा दिवस ठरला तो साहेबांच्या दौऱ्यावरून, पंचांगावरून नव्हे. त्या तिथीला दहाच्या पुढे खाडी सुकत जाते, हे नेरूरचं शेंबडं पोर सांगेल. तुम्हीही जाणून होतात. तरी पुढे खुर्चीत साहेब, मागे आंब्याच्या पेट्या, वळकट्या आणि मुंबईला निघालेली माणसं घेऊन दहाच्या ठोक्याला तुम्ही घंटा वाजवलीत. मधल्या धारेत पाणी होतं तोवर ठीक. तारकर्लीचे माड दिसू लागले आणि लाँच बसली, ती म्हशीसारखी. तिकडे मालवणात आगबोटीचा भोंगा झाला. मुलाकडे निघालेली काशीबाई बोचक्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "गंगारामा, हीच काय रे तुझी मुंबय? माका वाटला, जरा मोठी आसात."

साहेबांनी मान पुसत विचारलं, आता निघणार केव्हा?

"भरती झाल्यावर."

या खेपेला, किती माणसांची, असं त्यांनी विचारलं नाही.

आठवडाभरात परवाना रद्द झाला. कारण दिलं: वेळापत्रक पाळले नाही. अख्ख्या खाडीत ते पाळणारे तुम्ही एकटेच होतात, ते सोडा. लाँच किनाऱ्यावर ओढून ठेवलीत, आक्कानं तिच्या टपावर कोकमाची सोलं वाळत घातली, आणि तुम्ही पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडण उकरून काढू लागलात.

मी म्हटलं, रत्नागिरीला चला. वरच्या साहेबांना भेटू आणि दहाच्या जागी भरती लिहून आणू. बोलेन मी, तुम्ही शेजारी गप्प बसायचं, तेवढं जमलं तर. लाँच वाचवायची तर दुसरा मार्ग नव्हता.

"पावसाळो सरांदे," म्हणालात. "बोटी सुरू झाल्यो काय जावया. तू बोल. मी गप रवतंय."

नारळी पौर्णिमा होऊन पहिली आगबोट लागली, त्या दिवशी मी पिशवी घेऊन बंदरावर उभी. तुमच्याऐवजी तुमचा निरोप आला: कुडाळचा भातगिरणीवाला इंजिन बघायला येतोय, आज जमत नाही. आगबोटीपर्यंत नेणारा होडीवाला विचारत होता, बाई, बसतास काय? मी नाही म्हटलं. इंजिन त्याच आठवड्यात कुडाळला जाऊन भात कांडू लागलं, आणि आपलं रत्नागिरीचं काम राहिलं ते राहिलंच.