समुद्रातला नसलेला डोंगर

"इथंच थांबवा, भाऊ," सुलोचनाताई म्हणाल्या.

मी माऊस सोडला. स्क्रीनवर गडद निळं पाणी होतं आणि त्याच्या तळाशी एक डोंगर.

"हीच ना ती जागा?"

"हो ताई. जहाजाचा शेवटचा संपर्क इथूनच झाला."

त्यांचा मुलगा महेश मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. आफ्रिकेकडे जाताना हिंदी महासागरात जहाज बुडालं. काही जण वाचले. महेश इंजिन रूममध्ये होता, तो सापडला नाही. कंपनीने शेवटचे अक्षांश-रेखांश घरी कळवले आणि काही दिवसांनी शोध थांबवला.

सुलोचनाताई हैदराबादेतल्या जामबागच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. माझी बायको त्याच शाळेत शिकवते. "आमचे हे समुद्राचे नकाशे करतात," असं तिनेच त्यांना सांगितलेलं. म्हणून त्या आणि त्यांचे यजमान उत्तमराव दिलसुखनगरहून आमच्या विद्यानगरच्या घरी आले होते. उत्तमराव बाहेर हॉलमध्येच बसून राहिले. "मला नाही बघायचं. हिला दाखवा," एवढंच बोलले.

माझं काम थोडक्यात सांगतो. आमची कंपनी इंटरनेटवर समुद्राचा नकाशा चालवते. घरबसल्या पृथ्वीचा गोळा फिरवायचा, हवा तो समुद्र निवडायचा, पाण्याखाली उतरायचं आणि तळावरून हिंडायचं. शाळा वापरतात, समुद्राखालून केबल टाकणाऱ्या कंपन्या वापरतात. मी मूळचा नांदेडकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर. पण तळ मात्र रोज बघतो, इथे हैदराबादेत एसीमध्ये बसून.

लोकांना वाटतं, हा सगळा तळ कुणीतरी मोजलाय. तसं नाही. जहाजाखालून आवाज सोडायचा, तो तळाला आपटून किती वेळात परत येतो ते बघायचं आणि त्यावरून खोली काढायची. याला सोनार म्हणतात. ही खरी मोजणी. पण जहाजं गेली तेवढ्याच पट्ट्यात ती होते. बाकीचा तळ उपग्रहावरून अंदाजाने काढलेला असतो. पाण्याखाली मोठा डोंगर असला की त्याच्या ओढीने वरचं पाणी किंचित फुगतं. उपग्रह तो फुगवटा टिपतो. त्यात जुन्या जहाजांनी नोंदवलेल्या खोल्या मिसळायच्या आणि मधल्या जागा संगणकाने भरायच्या.

हे सगळं मी ताईंना त्याच दिवशी सांगितलं. "इथला भाग मोजलेला नाही ताई. हा डोंगर अंदाजाचा आहे."

त्यांनी मान हलवली. बोट मात्र स्क्रीनवर डोंगराच्या उतारावरून फिरत होतं.

"म्हणजे महेशला आडोसा आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडून नकाशा वापरायला शिकून घेतला. घरच्या लॅपटॉपवर रोज सकाळी चहा झाला की त्या तिथे जायच्या. हैदराबादेवरून निघायच्या, किनारा ओलांडायच्या, मग खाली. बायकोला फोनवर सांगायच्या, "आज पलीकडच्या बाजूने उतरले. तिकडे उतार कमी आहे." उत्तमराव तेवढा वेळ गच्चीवर जाऊन बसायचे.

पुढच्या वर्षी एका केबल कंपनीच्या सर्व्हे जहाजाने नेमक्या त्या भागातून सोनार नेलं. डेटा आमच्याकडे आला. तपासायचं काम माझ्याकडेच होतं. मी नवा तळ जुन्यावर ठेवला आणि खुर्चीत मागे टेकलो.

डोंगर नव्हता. जुन्या कुठल्यातरी जहाजाने खोलीचा आकडा चुकीचा नोंदवला होता आणि संगणकाने त्या एका आकड्याभोवती अख्खा डोंगर उभा केला होता. खरा तळ सपाट होता. चिखल. सगळीकडे सारखाच.

मी मूर्ती सरांकडे गेलो. ते आमचे हेड, तेलुगू माणूस; नावाला 'गारू' म्हणजे आपलं 'राव' लावतात आणि हैदराबादी हिंदी मिसळून बोलतात. त्यांना सगळं सांगितलं.

"नव्या नकाशाचं रिलीज कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी."

"तो जाएगा ही ना, वाघमारे गारू. क्लायंट का केबल है उधर."

"हौ सर. फक्त ताईंना आधी सांगतो."

मग म्हणाले, "फोन पे नक्को बोलो. घर जाओ."

रविवारी दिलसुखनगरला गेलो. कोचिंग क्लासवाल्या पोरांच्या गर्दीतून वाट काढत त्यांच्या फ्लॅटवर पोचलो. ताईंनी पोहे केले होते. मी आधी पोहे खाल्ले. खोटं कशाला सांगू, सांगायचं टाळत होतो. मग सांगितलं.

सगळं ऐकून ताई म्हणाल्या, "तुमच्या हातात आहे ना ते? तेवढाच एक राहू द्या, भाऊ. तिथं कोण बघायला जातंय? कुणाचं काय बिघडतंय?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं. केबल, क्लायंट, चुकीच्या नकाशाचे धोके.

"नाही ठेवता येत ताई," एवढंच म्हणालो. "पण जुना नकाशा मी तुमच्या लॅपटॉपवर उतरवून देतो. इंटरनेटवर बदलेल. तुमच्याकडे होता तसाच राहील."

"करा," त्या लगेच म्हणाल्या.

मी तिथेच बसून त्या भागाची कॉपी उतरवली आणि चालवून दाखवली. डोंगर होता. त्या बघत होत्या. निघताना उत्तमराव लिफ्टपर्यंत आले. माझा हात धरून उभे राहिले. लिफ्ट येऊन परत गेली.

सोमवारी रिलीज गेलं. डोंगर गेला. जगात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

महिनाभराने उत्तमरावांचा फोन आला. मला वाटलं लॅपटॉप बिघडला असेल.

"लॅपटॉप ठीक आहे, साहेब. ती उघडतच नाही."

"का?"

"पहिले दोन-चार दिवस उघडला. मग म्हणाली, डोंगर नाही हे माहीत झाल्यावर तिथं उतरवत नाही. चहा झाला की नुसती बसून राहते आता."

"नवा नकाशा बघतात का?"

"एकदा बघितला. म्हणाली, कुठं थांबायचं तेच कळत नाही." मग म्हणाले, "तुमची काही चूक नाही, साहेब. पण आधी निदान ती रोज कुठंतरी जात तरी होती."

मी बरं म्हणालो.

नंतर ऑफिसात मी एक सूचना दिली. जो तळ मोजलेला नाही तो करड्या रंगात दाखवू या, म्हणजे बघणाऱ्याला पहिल्याच नजरेत कळेल. मूर्ती सरांनी करून बघायला सांगितलं. केलं, तर जवळजवळ सगळा महासागर करडा झाला. मार्केटिंगवाल्यांनी बघितलं आणि म्हणाले, असा नकाशा कोण उघडेल? शेवटी एक बटण ठेवलं. दाबलं तर करडं दिसतं, नाही तर निळं.

ते बटण फारसं कुणी दाबत नाही. माणसाला निळं बघायचं असतं. आता कुणी मला समुद्रातली एखादी जागा दाखवायला सांगितली, तर मी आधी ते बटण दाबतो आणि मगच स्क्रीन त्यांच्याकडे वळवतो.