मास्तरांचं आभाळ

क्रोएशियातल्या एका चित्रदालनात एक म्हातारी दिसली. एक डोळा मिटून, तळहात पुढे धरून ती भिंतीवरच्या निसर्गचित्राचा वरचा अर्धा भाग झाकत होती. मी बघतेय हे लक्षात आल्यावर मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "खालचं शेत माझं आहे. आभाळ सरांनी काढलं."

सर म्हणजे तिथले नावाजलेले निसर्गचित्रकार. प्रदर्शन त्यांच्या विद्यार्थ्यांचं होतं. मी भिंतभर नजर फिरवली. चित्रांखाली नावं वेगवेगळी, आणि ढग सगळीकडे तोच!

माझं डोकंच फिरलं. आमचे चित्रकलेचे सरही "सरक जरा" म्हणत माझ्या हातातला ब्रश काढून घ्यायचे. मग चित्राला बक्षीस मिळायचं, आई पेढे वाटायची आणि मला त्यातला एकही गिळवायचा नाही. याला शिकवणं म्हणतात? दुसऱ्याच्या कागदात घुसून स्वतःची सही ठोकायची, वर त्याच्याकडूनच पाया पडून घ्यायचं!

"तुम्हाला राग नाही येत?" मी तिला विचारलं.

"अजून येतो," हात खाली न घेता ती म्हणाली. "पण तिथे मी काय काढणार होते, ते आता आठवत नाही."