वैजनाथनं दुसऱ्यांदा कान धरला

वैजनाथची गोष्ट मीच सांगतो. त्याच्यावर माह्याइतका दुसरा कोणी जळला नसंल.

मोताळ्याच्या पुंजाजीचा हा पोरगा. खामगावच्या जिनात कापसाच्या गठाणी तोले अन् संध्याकाळी माह्याकडे गाणं शिकाले ये. त्या भागात पेटी शिकवणारा मी एकलाच, उद्धव मास्तर. सात वर्षं शिकवलं त्याले. गळा बेताचाच, पण कान असा की माह्या पेटीचा सूर जरासा उतरला तरी हा मान हालवे. तवापासूनच मले त्याचा राग ये.

जिनात कापूस पारखणारा एक परदेशी साहेब होता. त्याची म्हातारी आई राहेलबाई. जातीनं यहुदी. साडेचारशे वर्षांमागं स्पेनच्या राजानं त्याईच्या पूर्वजांले देशाबाहेर हाकललं. देश सुटला, पण घरच्या बायकाईनं तिथल्याच बोलीत पाळणे अन् लग्नाची गाणी म्हणणं सोडलं नाही. बाई ती गाणी गिटारवर वाजवे. वैजनाथनं खिडकीखालून ऐकलं अन् येडाच झाला.

माह्याकडे येऊन म्हणे, "मास्तर, बाईपाशी शिकू काय? तुमी नाही म्हटलं तर नाही जात."

"जाय ना बावा," म्या म्हटलं. वाटलं, आठ दिवसांत कंटाळंल.

तो काही कंटाळला नाही. दर गुरुवारी येऊन पाया पडे अन् नवीन शिकलेलं वाजवून दाखवे. थेच मले सहन होईना. तीन वर्षांत त्या गाण्याईवरून त्यानं सोताच्या चीजा बांधल्या. शब्द नाहीत, ठेका नाही, नुस्ती नखं तारांवरून फिरत. माही बायको विमल माह्या पेटीपुढे खुशाल डुलक्या घे. थे त्याची गिटार ऐकून तव्यावरची भाकर सोडून दारात येऊन उभी राह्यली. भाकर करपली म्हणून मी तिच्यावर खेकसलो. भाकरीचं निमित्त होतं, झालं.

मंग बुलढाण्याच्या वकिलाईनं त्याचा कार्यक्रम ठरवला. नागपूरचे अंमलदार बी येणार होते. वैजनाथ सांगाले आला. "मास्तर, सुरवातीले तुमचं नाव घेतो."

"काऊन? मी काय गिटारवाला हाओ? ही माही विद्या नाही. चारचौघांत माहं नाव घेशील तर याद राख."

वाटलं, गयावया करील. तो नुस्ता "बरं" म्हणून गेला.

तरी मी मोटारीनं बुलढाण्याले गेलोच, लेकाची फजिती पाहाले. तिसऱ्या रांगेत बसलो.

गुरूचं नाव घेताना गाणारे-वाजवणारे कानाच्या पाळीले हात लावतात. वैजनाथनं कान धरला, राहेलबाईचं नाव घेतलं. मंग पुन्हा कान धरला. तोंड काही उघडलं नाही. डोळे मिटले अन् वाजवाले लागला.

चीज परक्या मुलुखाची, पण सुरावर घाई न करता थांबणं माहं होतं. सात वर्षं तेच त्याच्या डोक्यात घातलं होतं म्या. उठून सांगावं वाटलं, हे माहं हाय.

टाळ्या सुरू झाल्या. शेजारचे हिंमतराव वकील माह्याकडे वाकले. "काहो, दुसऱ्यांदा कान कोणासाठी धरला त्यानं?"

माहं नाव जिभेवर आलं होतं.

"मले काय माहीत," म्या म्हटलं, अन् बाकीच्याईसारख्या टाळ्या वाजवत राह्यलो.