न बोलणाऱ्या चॅनेलांची यादी

आमच्या बिनतारी खात्यात तिला सगळे पाठीमागे कानसेन म्हणत. तिच्या समोर ‘बाई’. तिला हे नाव ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता, कारण ते आधी तिच्या वडिलांनीच ठेवलं होतं. गाण्याच्या शिक्षकांनी तिला तिसऱ्या दिवशी हात जोडले, तेव्हा वडील म्हणाले होते, तानसेन होता येत नसेल तर कानसेन हो.

माझं आवक-जावकाचं टेबल तिच्या खोलीच्या दाराला लागून होतं, म्हणून पुढचं बरंचसं मी स्वतः पाहिलं. उरलेलं तिनं सांगितलं.

तिचं काम ऐकण्याचं. पोलीस असोत, विमानतळ असो की टॅक्सीवाले, हवेतून बोलणाऱ्या प्रत्येकाला सरकार एक चॅनेल नेमून देतं. त्यावर दुसऱ्यानं बोलायचं नाही. कुणी घुसखोरी केली की आमच्याकडे तक्रार येई, आणि बाई कानाला हेडफोन लावून घुसखोराचा माग काढत. हेडफोनच्या गाद्या झिजून गेल्या होत्या. तिनं जुन्या सुती साडीची खोळ शिवून त्यांवर चढवली होती. एकदा विमानतळाच्या चॅनेलवर खरखर येत होती. ती दोन दिवस व्हॅनमधून फिरली आणि एका दंतवैद्याच्या बिघडलेल्या यंत्रापाशी येऊन थांबली. दंतवैद्यानं तिला आधी खुर्चीत बसवून आ करायला लावलं, आणि मग विचारलं की काय होतंय.

सव्वीस वर्षं तिनं हे केलं, आणि पुढची चार वर्षंही हेच करून ती निवृत्त झाली असती. पण एका सकाळी डोंगरपट्ट्यातून एक नर्सबाई आल्या.

या नर्सबाई आता तिकडच्या पाच रुग्णवाहिका चालवत होत्या. डोंगरांत मोबाइल लागत नाही. त्यांना एक चॅनेल हवं होतं, एकच. चार वर्षं त्या अर्ज करत होत्या आणि चार वर्षं उत्तर एकच जात होतं: ‘शिल्लक नाही.’ ते उत्तर पाठवणारा मीच. मला वाईट वाटायचं. पण मी काही अर्ज मंजूर करणारा नव्हतो.

नर्सबाई त्या दिवशी भांडल्या नाहीत. बाकावर बसून त्यांनी शांतपणे सांगितलं, की गेल्या महिन्यात झाडावरून पडलेल्या एका माणसाला आणायला गाडी वर गेली. वाट पाहून थकलेल्या गावकऱ्यांनी त्याला झोळीत घालून दुसऱ्या वाटेनं खाली आणलं. गाडी आणि झोळी डोंगराच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओलांडून गेल्या, आणि गाडीला ते कळवायला कुणाकडे काही साधन नव्हतं. माणूस वाचला. पाय कापावा लागला.

बाई दारात उभ्या होत्या. नर्सबाई गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या वाटपतक्त्याकडे पाहिलं. त्यावर रंगीत पट्ट्या होत्या: निळी पोलिसांची, पिवळी रेल्वेची, हिरवी जंगलखात्याची. चारशे बारा चॅनेल, सगळी कुणाच्या ना कुणाच्या नावावर.

“यातली अर्धी मी कधी ऐकलीच नाहीत,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे तिथं कुणी बोलतच नाही. पण सांगणार कशी? मोजलंय कुणी?”

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या खुर्चीला वारा लागू नये एवढीच त्याची इच्छा. तो म्हणाला, आपलं काम गोंगाट शोधायचं आहे, शांतता नाही. बाई म्हणाल्या, तक्रारींची कामं आटोपून उरलेल्या वेळात करते, व्हॅन तर उभीच असते. साहेबांनी ‘हो’ म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही. आमच्या खात्यात याला परवानगी म्हणत.

मग वर्षभर त्या मोजत राहिल्या. सहा जागा निवडल्या. व्हॅनचा ड्रायव्हर निवृत्तीला आलेला. व्हॅनवरचा अँटेनाचा डांब वर करण्याआधी तो दरवेळी खाली उतरून वर विजेच्या तारा आहेत का ते पाही, मग परत येऊन पुन्हा पाही. यंत्र एकेका चॅनेलवरून फिरे, कुठं आवाज, कुठं नाही, ते टिपून घेई. बाई स्वतःही ऐकत, कारण यंत्राला खरखर आणि बोलणं यातला फरक नेहमीच कळत नाही. ड्रायव्हर एकदा म्हणाला, “हे एसटीतल्यासारखं झालं, बाई. रुमाल टाकून जागा धरली, आणि माणूस गाडीत चढलाच नाही.”

घरी सासूबाईंची वेगळीच तक्रार. “घरात बोलणाऱ्यांचं ऐकायला हिला वेळ नाही, आणि न बोलणाऱ्यांचं ऐकायला ही गाव पालथं घालते.” नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला नकाशांचा नाद. त्यानं जेवणाच्या टेबलावर कागद पसरून तिच्या सहा जागांचा नकाशा काढून दिला. काढताना त्यानं विचारलं, या मधल्या दरीचं काय? इथं तुझी एकही जागा नाही. ती म्हणाली, तिथं रस्ता खराब आहे, व्हॅन जात नाही.

वर्षाअखेर आकडा निघाला. चारशे बारापैकी दोनशे एकाहत्तर चॅनेलांवर वर्षभरात एक शब्द नाही. त्यातली अडतीस नदीवाहतूक खात्याच्या नावावर होती. ते खातं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच्या इमारतीत आता ग्रंथालय होतं.

बाईंनी अहवाल लिहिला. बारा पानं, शेवटी यादी. साहेबांनी तो वर पाठवला, कारण खाली ठेवण्यात जास्त धोका होता. योग असा, की तेव्हा वाटपाचे नियम बदलावेत म्हणून वर एक समिती बसली होती आणि तिच्यापुढे मतं होती, आकडे नव्हते. समितीनं बाईंना बोलावलं. सगळ्या खात्यांचे लोकही आले. आमचे साहेबही होते, आणि कागद पोहोचवायला मी सोबत गेलो होतो.

बाईंनी वीस मिनिटं नीट सांगितलं. लोक ऐकत होते. अध्यक्षांनी नदीवाहतुकीच्या अडतीस चॅनेलांवर हसूसुद्धा दाबलं. मग मागच्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ उठले. ते दरीतल्या धरणाचे अभियंता होते. त्यांच्या हातात आमची यादी होती आणि एका ओळीखाली पेन्सिलची रेघ.

“बाई, तुमच्या यादीतलं एकशे सत्तावन्नावं चॅनेल माझं आहे,” ते म्हणाले. “ते बोलत नाही, हे खरं आहे. ते बोललं की खालच्या सात गावांनी घरं सोडायची असतात.”



“आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला त्यावर पाच सेकंद चाचणी घेतो. तुम्ही दरीत आला असता तर ऐकली असती.”

बाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं त्या काहीतरी सारवासारव करतील. कुणीही केली असती. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझी चूक आहे. दरीत मी मोजलं नाही, आणि तसं अहवालात लिहिलंही नाही. लिहायला हवं होतं.”

झालं. जंगलखात्याचे लोक म्हणाले, एक चुकलं तर बाकीच्यांचा काय भरवसा. रेल्वेवाल्यांनी मान डोलावली. समितीनं अहवाल ‘अधिक अभ्यासासाठी’ ठेवला, म्हणजे माळ्यावर टाकला. परतीच्या वाटेवर साहेब एवढंच म्हणाले, की मी तेव्हाच सांगितलं होतं. वास्तविक त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

पुढचे आठ-दहा दिवस बाई नेहमीसारख्या येत, हेडफोन लावत, नोंदी करत. कुणी चुकीबद्दल विचारलं तर सांगत. एका दुपारी मी डबा खायला त्यांच्या खोलीत बसलो होतो. त्या म्हणाल्या, “मी सत्तावीस वर्षं असं धरून चालले, की आवाज नाही म्हणजे कुणी नाही. तो माणूस तिथं रोज बसून असतो.” मग डब्याचं झाकण लावून त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. चार दिवसांचा, स्वतःच्या हक्काच्या रजेतला.

त्या धरणावर गेल्या. नवरा सोबत होता. शाळेला सुट्टी होती आणि दरीचा नकाशा त्याला पुरा करायचा होता. अभियंत्यांनी चहा दिला. त्यांच्या खोलीत भिंतीवर तो बिनतारी संच, शेजारी एक वही. चाचण्या सोडल्या तर खरी सूचना नऊ वर्षांपूर्वीची होती. त्या दिवशी सातही गावं वेळेत रिकामी झाली होती. अभियंत्यांनी ते पान उघडून दाखवलं आणि वही लगेच मिटली.

बाईंनी त्यांना झाडावरून पडलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. मागितलं काहीच नाही. अभियंत्यांनी त्याच्या गावाचं नाव विचारलं. मग म्हणाले, तो माणूस ज्या गावचा, ते माझ्या सातांपैकीच एक आहे.

तिथून दोघांची आखणी सुरू झाली. चॅनेल धरणाचंच राहील, पण एरवी रुग्णवाहिका त्यावर बोलतील. धरणाच्या संचानं तोंड उघडलं की एक खास सूर जाईल, आणि तो ऐकताच रुग्णवाहिकांचे संच आपोआप गप्प होतील. पाहुण्यानं ओसरीवर बसावं, घरधनी आला की उठावं, तसं. अभियंत्यांची एकच अट होती: चाचणी मी घेईन, कधी घेईन ते कुणाला सांगणार नाही, आणि एकदा जरी संच गप्प बसला नाही तरी सगळं तिथंच थांबेल.

या प्रयोगासाठी परवानगी मागणारा कागद माझ्याच टेबलावरून गेला. आता अर्जावर धरणाच्या अभियंत्याची सही असल्यामुळे साहेबांना तो अडवायला कारण सापडेना. पाच महिन्यांचा प्रयोग मंजूर झाला.

अभियंत्यांनी चौतीस वेळा चाचणी घेतली. पहाटे घेतली, जेवणाच्या वेळी घेतली, एकदा तर नर्सबाई स्वतः बोलत असताना मध्येच. अठराव्या वेळी एका गाडीतला संच गप्प बसला नाही. अभियंत्यांनी शब्दाप्रमाणे त्याच दिवशी सगळं बंद केलं. बाई धावत गेल्या. त्या गाडीच्या ड्रायव्हरनं नव्या संचात आवाज कमी येतो म्हणून, चॅनेल मिळेल या आशेनं नर्सबाईंनी आधी घेतलेला जुना, आपोआप गप्प न होणारा संच परत बसवला होता. नव्याचं आवाजाचं बटण कुठलं ते त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. बाईंनी पाचही ड्रायव्हरांना बसवून दोन दिवस शिकवलं, जुने संच उचलून व्हॅनमध्ये घातले, आणि अभियंत्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. अभियंत्यांनी तीन आठवडे घेतले. मग पुन्हा सुरू केलं. उरलेल्या सोळा वेळा चूक झाली नाही.

त्या पाच महिन्यांत रुग्णवाहिका एकशे नऊ वेळा बाहेर पडल्या. सहा वेळा गाडीला वाटेतच वळवावं लागलं आणि सहाही वेळा निरोप पोहोचला. त्यातल्या एकदा गाडीत बाळंतीण होती आणि पुढचा पूल बंद होता. गाडी परत फिरली, अलीकडच्या गावच्या शाळेत खोली उघडून घेतली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

समिती पुन्हा बसली, तेव्हा बाईंनी नवी यादी नेली. या वेळी तीन भाग होते: ज्यांचा मालकच उरला नाही अशी चॅनेल, ज्यांचा मालक आहे पण वापर नाही, आणि जी गप्प आहेत पण गप्प असणं हेच ज्यांचं काम आहे. पहिल्याच पानावर, कुठं कुठं मोजलेलं नाही ते लिहिलं होतं. सोबत नवऱ्याचा नकाशा. अभियंता न बोलावता आले आणि मागच्याच रांगेत बसले. जंगलखात्याच्या माणसानं पुन्हा भरवशाचा प्रश्न काढला, तेव्हा ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, “त्यांचं चुकलं होतं ते मीच दाखवलं. या खेपेला मी स्वतः तपासलंय.”

नियम बदलायला आणखी पावणेदोन वर्षं लागली. कागद आमच्याकडे आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. कुणालाही चॅनेल कायमचं मिळणार नाही. दर पाच वर्षांनी वापर दाखवून मागावं लागेल. बंद खात्यांची चॅनेल लगेच परत. आणि जिथं मालकाला अधूनमधूनच बोलायचं असतं, तिथं दुसऱ्यालाही बसता येईल, मालकाचा हक्क पहिला ठेवून.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. पहिल्या वर्षी बहुतेक खात्यांनी सगळ्या चॅनेलांपुढे ‘अत्यावश्यक’ असा शिक्का मारून यादी पाठवली. परत आली ती सत्त्याऐंशी. मी बाईंना विचारलं, दोनशे एकाहत्तरांतून सत्त्याऐंशीच? त्या म्हणाल्या, “सत्त्याऐंशी जणांना आता ‘शिल्लक नाही’ असं लिहावं लागणार नाही तुला.” ते खरं होतं. त्या वर्षी मी मासेमारीच्या बोटींना, एका अंधशाळेच्या छोट्या रेडिओ केंद्राला आणि रानातली आग विझवणाऱ्या गावकऱ्यांच्या पथकाला ‘मंजूर’ असं लिहिलं. हाताला सवय नव्हती. पहिल्या पत्रात जुनंच वाक्य टंकून बसलो आणि कागद फाडावा लागला.

बाई ठरल्या दिवशी निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेबांनी सांगितलं, की शांतता मोजण्याची कल्पना खात्याची होती. बाई हसल्या. आता त्या महिन्यातून दोनदा डोंगराकडच्या गाडीनं जातात आणि रुग्णवाहिकेच्या नव्या ड्रायव्हरांना संच वापरायला शिकवतात. नवरा धरणावर अभियंत्यांशी बुद्धिबळ खेळतो आणि बहुतेक वेळा हरतो. सासूबाईंना कमी ऐकू यायला लागलंय; बाई संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतात, मधूनच मोठ्यानं ‘हो’ म्हणतात.