उजव्या बाजूने

गुरुग्रामच्या एमआरआय सेंटरमधल्या त्या टेक्निशियनला मी चार वर्षांपासून दरवर्षी भेटतो, पण नाव कधी विचारलं नाही. माणूस मोजकंच बोलतो. आत सरकवताना "बिल्कुल हिलना नहीं, अंकलजी" आणि बाहेर काढल्यावर "हो गया, बढिया." सगळ्यांना तेच, त्याच सुरात. काय दिसलं असं विचारलं, तर छताकडे बघतो. "वो डॉक्टरसाब बतायेंगे."

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला चक्कर यायची आणि डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं. दुसरीकडे काढलेल्या एमआरआयचा नॉर्मल रिपोर्ट हातात होता, त्यामुळे घरी सगळे वयाला दोष देत होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोणता कान तेही लिहिलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. त्याने जुनी फिल्म उजेडात धरली. "ये तो दिमाग की है. कान के लिए बारीक देखना पडता है." डॉक्टरांना फोन करून विचारलं, सुईने औषध दिलं आणि मला आणखी वीस मिनिटं आत ठेवलं.

आत घालताना तो माझ्या डावीकडे उभा होता. बाहेर काढल्यावर मात्र टेबलाला पूर्ण वळसा घालून उजवीकडे आला, वाकला आणि म्हणाला, "हो गया, अंकलजी." बढिया म्हणाला नाही.

डाव्या कानाच्या आत तिळाएवढी गाठ आहे, हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला ते आदल्या दिवशीच कळलं होतं.

गाठ साधी आहे, वाढत नाही. घरचे अजूनही डावीकडूनच हाक मारतात. तो दरवर्षी वळसा घालून येतो, आणि आता बढियाही म्हणतो.